अबोलीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

अबोली काढायला लागल्यापासून कुठंही गेलं, स्टिकरच्या स्टॉलवर, कॉलेजात, नात्यातल्या लग्नात, तरी लोक तेच तेच विचारतात आणि मला पण दरवेळी गडबडीत अर्धवट सांगायला आवडत नाही, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. लांब झालंय, पण ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय ते वाचतील.

अबोली म्हणजे नक्की कोण?

मी काढलेलं कॅरेक्टर आहे, ॲनिमे स्टाईलमधली एक बाई, पंचवीस-सव्वीस वर्षांची, आणि ती मुळात पक्षी आहे, चित्रबलाक. रंगीत करकोचा पण म्हणतात, कुणी चामढोक म्हणतं, कानडीत बण्णद कोक्करे. खरा पक्षी उभा राहिला की जवळजवळ एक मीटर उंच असतो (९३ ते १०२ सेंटिमीटर), वजन दोन ते साडेतीन किलो, आणि पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत १५० ते १६० सेंटिमीटर भरतात. माणसाचे दोन्ही हात पसरले की ते माप साधारण त्याच्या उंचीएवढंच येतं ना, म्हणून अबोलीची उंची मी १५५ सेंटिमीटर ठेवली. तिने हात पसरले की बरोब्बर पक्ष्याचे पंख.

गिजिंका गिजिंका म्हणतीस ते काय असतं?

जपानी शब्द आहे. जे माणूस नाही त्याला माणसाचं रूप द्यायचं, मग तो प्राणी असू दे, पक्षी असू दे, आगगाडी असू दे नाहीतर एखादा देश. आपल्याला हे काही फार परकं नाही, आपण नदीला माई म्हणून तिची खणा-नारळानं ओटी भरणारी माणसं. जपानमध्ये तर लोककथाच आहे, जखमी क्रौंच पक्षीण बाईचं रूप घेऊन घरात येते आणि स्वतःची पिसं उपसून त्यांचं कापड विणते, फक्त विणताना आत डोकावू नका म्हणते. ही गोष्ट मी आमच्या आप्पांना सांगितली होती. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरात माग. आप्पांनी गोष्ट पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं, विणताना कुणी मागं येऊन उभारलं की हात चुकतो." तेव्हापासून ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

हाच पक्षी का? फ्लेमिंगो घेतला असता तर गुलाबी पण मिळाला असता

फ्लेमिंगो सुंदरच आहे, पण मी जवळून बघितला तो हा.

घटप्रभेचं पक्षी अभयारण्य आहे ना, धूपदाळचं, १९७४ साली जाहीर झालेलं, २९.७८ चौरस किलोमीटर, तिथं धूपदाळचा बंधारा १८९७ चा आहे आणि त्याच्या मागं पाणी पसरून उथळ भाग आणि बेटं झालीत. हिवाळ्यात लोक तिथं कांड्या करकोचे आणि युरोपातून येणारे पांढरे करकोचे बघायला जातात, मी पण त्यासाठीच गेले होते जानेवारीत. पहाटेची थंडी, पाण्यावर वाफ, कांड्या करकोचे लांब कुठंतरी ठिपक्यासारखे. आणि अगदी कडेला, माझ्यापासून आमच्या गल्लीच्या रुंदीएवढ्या अंतरावर, हा एकटा चित्रबलाक.

चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवलेली, आणि डोकं असं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कोयता फिरवल्यासारखं. एका पायानं खालचा गाळ ढवळायचा, दोन पावलं पुढं, परत डोकं फिरवायचं. डोळ्याचा काही संबंधच नाही. पाणी गढूळ, त्याला काही दिसत नसणारच, पण चोचीला मासा लागला की खटकन चोच बंद. मी अर्धा तास बघत होते. एवढा मोठा पक्षी सगळं काम स्पर्शावर करतो हे मला माहीतच नव्हतं, आणि घरी येताना रेल्वेत वहीवर जे पहिलं चित्र काढलं ते एका बाईचं होतं, जी बाजारात पिशवीत हात घालून न बघता चाचपून सुट्टे पैसे काढते. तीच अबोली. कपडे, रंग, नाव सगळं नंतर आलं, हात आधी आला.

म्हणजे बगळाच ना तो?

नाही ओ. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगते. बगळा वेगळ्या कुळातला आणि स्वभावानं पण वेगळा, तो एका जागी ध्यान लावून उभा राहतो आणि डोळ्यांनी नेम धरून मारतो, म्हणून तर बकध्यान शब्द आला. चित्रबलाक चालत, ढवळत, चाचपत जेवतो. उडताना ओळखायचं असेल तर मान बघा, बगळा मान आखडून घेतो, इंग्रजी एससारखी, आणि बलाक मान सरळ पुढं ताणून उडतो, मागं पाय पण सरळ. म्हणून अबोली पळताना मी कधीच तिची मान खाली घालत नाही. एकानं मला तिचं चित्र काढून दिलं होतं ज्यात ती कोपऱ्यात लपून डाव रचत बसलीय, चित्र छान होतं पण तो बगळा झाला, अबोलीला डाव रचता येत नाही.

नाव अबोली का? आणि ती बोलत का नाही?

दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि मला यातच सगळ्यात जास्त आनंद झालेला.

मोठ्या झालेल्या चित्रबलाकाला आवाज जवळजवळ नसतोच. बलाकांच्या गळ्यातल्या आवाजाच्या यंत्रणेला लागणारे स्नायू नीट नसतात, त्यामुळे ते ओरडत नाहीत, चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून खडखड खडखड करतात, घरट्यावर तर जास्तच. आता दुसरी गोष्ट, या पक्ष्याच्या डोक्यावर पिसं नसतात, मोठा झाला की डोकं आणि चेहरा उघडा, नारिंगी, मेणासारखा. हे माणसाच्या चेहऱ्यावर कसं आणायचं यात माझा महिना गेला. आधी केस नारिंगी केले, ते नेहमीचं ॲनिमे दिसलं. मग कपाळभर मळवट भरून बघितला, पण सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, बघणाऱ्याला ती लगेच देवीची जोगतीण वाटली असती आणि तो विषय असा सजावटीला वापरायचा नाही.

मग एक दिवस खानापूरहून मावशी आली, अंबाड्याभोवती अबोलीचा भरगच्च वळेसर. नारिंगी! आणि नाव अबोली! जी बोलत नाही ती. मी जेवता जेवता उठून वही आणली.

तर तिच्या डोक्याभोवती पुढून मागपर्यंत अबोलीच्या वळेसराचे तीन पदर आहेत, तेच पक्ष्याचं नारिंगी डोकं. खालचे केस काळेच.

मग ती संवाद कसा करते?

चिपळ्यांनी. कीर्तनात असतात त्याच लाकडी चिपळ्या, फक्त लांबट केल्यात, टोकाला किंचित खाली वळलेल्या आणि पिवळट नारिंगी, कारण पक्ष्याची चोच तशीच असते, जाड, लांब, टोकाला जराशी वाकलेली. हो म्हणायचं तर दोनदा, रागावली की सलग. चेहऱ्यावर चोच चिकटवायची नाही हे मी पहिल्या दिवशी ठरवलेलं, चोचीचं जे काम आहे ते हातात द्यायचं.

ती मराठी की कानडी?

बेळगावात हा प्रश्न येणारच आणि मला त्याचा राग येत नाही, आपल्याकडं दुकानाच्या पाटीपासून सगळ्याला हा प्रश्न येतो. मी मराठी, त्यामुळं तिचं नाव मराठी. माझी जिच्याबरोबर बारावीपासून ओळख आहे ती मैत्रीण कानडी, ती तिला कनकांबरा म्हणते, कारण अबोलीच्या फुलाला कानडीत कनकांबर म्हणतात. फूल एकच. पक्षी पण एकच, कोल्हापूरकडं उडाला काय आणि गोकाककडं उडाला काय.

कॉमिक पट्ट्यांमध्ये मी संवादाचे फुगे ठेवतच नाही. आधी हे फक्त ती बोलत नाही म्हणून होतं, पण नंतर लक्षात आलं की त्यामुळं माझी मैत्रीण आणि तिची आज्जी, जिला मराठी वाचता येत नाही, दोघी पण आधी मला न विचारता पट्टी वाचतात आणि जिथं हसायचं तिथंच हसतात. मला हे फार मोठं वाटतं. आता आजूबाजूची पात्रं पण हातवाऱ्यांनीच बोलतात.

साडी कुठली आहे? इरकल ना?

होय, इरकल, आणि हे पण पक्ष्यावरूनच आलंय, उगाच गावठी टच द्यायला नाही.

पक्षी पांढरा, पंखांवर काळं-पांढरं, शेपूट काळी, आणि पंख मिटले की मागं शेपटीवर गुलाबी पिसं उतरतात, मऊ, लांब. पाठमोरा बघितला की कुणीतरी गुलाबी पदर मागं सोडलाय असंच वाटतं. छातीवर काळा पट्टा, त्यात पांढरी नक्षी, खवल्यासारखी, आणि उन्हात त्या काळ्याला हिरवी झाक मारते. आता बघा, काळी, हिरवट झाक मारणारी, बारीक पांढऱ्या बुट्ट्यांची चोळी म्हटल्यावर आपल्या भागातल्या कुणालाही काय आठवेल? गुळेदगुड्डचा खण! मला काही शोधावंच लागलं नाही, पक्षी चोळी घालूनच आलेला.

साडी पांढरी, काठ काळे, पदर गुलाबी. पहिलं चित्र आप्पांना दाखवलं तर ते मोबाईल हातात घेऊन, चष्मा वर करून, पदरावर झूम करत बसले. मग म्हणाले, "हे असं होत नसतं बग. पांढरं संपलं आणि गुलाबी सुरू झालं असं कापल्यासारखं काढलीस. इरकलीला पदराचा ताणा वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्यात एकेक फासा अडकवून जोडायचा, तोपे तेनी म्हणतात त्याला. ती जोड दिसली पाहिजे." टेबलावरच बोटानं दोन दोऱ्यांचे फासे करून दाखवले, एक असा, त्यात दुसरा असा. मी सगळं परत काढलं. आता पदर सुरू होतो तिथं तुम्हाला बारीक दातऱ्यांसारखी ओळ दिसेल, गुलाबीचे फासे पांढऱ्यात अडकलेले, आणि मजा म्हणजे खऱ्या पक्ष्याची गुलाबी पिसं पण अशीच सुटी सुटी खालच्या पिसांवर येतात, एका रेषेत रंग बदलत नाही. मी फोटो बघून जे चुकवलं होतं ते आप्पांनी पक्षी न बघता बरोबर केलं.

खरी इरकल बहुतेक लाल पदराची असते, हे मला माहीत आहे, इथं पक्ष्यासाठी गुलाबी केलाय.

पंख कुठं आहेत? डोक्यावर का नाहीत?

हे विचारणारे बहुतेक केमोनो फ्रेंड्स बघितलेले असतात. त्यात पक्षी-मुलींना डोक्यावर पंख आणि मागं शेपटीची पिसं असतात, २०१७ साली ॲनिमे आल्यावर ही पद्धत सगळीकडं पसरली, आणि त्यातली ती टक लावून बघणारी शूबिल मुलगी तर कुणालाही आठवते. शूबिल म्हणजे आफ्रिकेतल्या दलदलीतला तो बुटासारख्या चोचीचा मोठा पक्षी, तो खरंच तासन्‌तास हलत नाही, त्यामुळं त्या मुलीची टक एकदम बरोबर आहे. मला ते काम मनापासून आवडतं, पण अबोली त्यावरून घेतलेली नाही. तिकडून मी एवढंच शिकले की पक्ष्याची सवय उचलायची. पंख माझ्याकडं पदर आहे, तेवढं बास.

पदराचं एक काम मात्र सांगते. चित्रबलाकाची घरटी झाडाच्या शेंड्याला उघड्यावर असतात आणि दुपारच्या उन्हात आईबाप पंख अर्धे पसरून पिल्लांवर सावली धरून उभे राहतात, स्वतः तापत. अबोली बस स्टँडवर अनोळखी पोरांवर पदर धरून उभी राहते ती पट्टी त्याचीच आहे.

पाय उलटे का नाहीत काढले? आणि पायाला पांढरं काय लागलंय?

पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं, पण ते घोटा असतं. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. म्हणजे पक्षी कायम चवड्यावर उभा असतो. त्यामुळं अबोलीचे गुडघे माणसाचेच, फक्त ती टाच टेकत नाही, आणि कंटाळली की एका पायावर.

पांढरं म्हणाल तर बलाक जातीचे पक्षी फार उकडलं की स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात, ते वाळताना पाय गार होतात, आणि पाय पांढरे दिसतात. ते जसंच्या तसं काढायची गरज नव्हती, म्हणून ती शेतात चिखलातून आलेली असते आणि पोटऱ्यांवर वाळलेला पांढुरका चिखल असतो. ज्यांना माहीत आहे त्यांना कळतं.

ती सारखी बडबडणारी लहान मुलगी कोण?

बारकी. अबोलीची धाकटी बहीण. चित्रबलाकाची पिल्लं मोठ्यांसारखी गप्प नसतात, भूक लागली की भरपूर कालवा करतात, आणि त्यांना गुलाबी पण नसतं, सगळा मळकट तपकिरी कारभार. मोठ्यांचा रंग पूर्ण यायला काही वर्षं जातात. म्हणून बारकीचा फ्रॉक मातकट आणि तिच्या तोंडाला विश्रांती नाही. वर्षातून एकदा मी तिच्या फ्रॉकवर एक गुलाबी टाका वाढवते, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, आता सांगितलं.

अबोली शाकाहारी आहे का?

नाही. मासे, मुख्य मासेच, कधी बेडूक. एका काकूंनी फार प्रेमानं विचारलं होतं की निदान श्रावणात तरी नको दाखवू, तर त्या महिन्यात मी जेवणाच्या पट्ट्या काढत नाही, पण पक्षी जे खातो ते बदलणार नाही.

कशावर काढतेस?

पहिली दोन वर्षं मोबाईलवर आयबिस पेंटमध्ये, बोटानं. आता सेकंडहँड पेन टॅबलेटवर क्रिटामध्ये. आयबिस आणि क्रिटा दोन्ही फुकटात सुरू करता येतात. रंग निवडताना फोटोवरून आयड्रॉपरनं उचलू नका, संध्याकाळच्या उन्हातला पांढरा पक्षी पिवळा येतो.

पहिल्या स्टिकरमध्ये पदर वांगी रंगाचा का होता?

ती छपाई चुकली. स्क्रीन उजेडाचे लाल-हिरवा-निळा मिसळून रंग दाखवते, छपाई चार शायांवर चालते, आणि झगझगीत गुलाबी त्या शायांत बसतच नाही, तो मळतो. मी फाईल तशीच दिली, छापणाऱ्यानं पण न विचारता तशीच छापली, दोनशे स्टिकर वांगी पदराचे, आणि पैसे काही परत मिळाले नाहीत. मला खूप वाईट वाटलं होतं, दोन दिवस बॉक्स उघडला नाही. आता मी आधी सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शायांच्या रंगात, बदलून बघते आणि एक प्रत छापून हातात घेतल्याशिवाय पुढं जात नाही, तुम्ही पण तसंच करा. वांगी स्टिकर अजून कुणाकडं असतील तर आणा, बदलून देते.

फॅन आर्ट काढू का?

काढा की! कॉसप्ले पण करा, पदर कुठलाही चालेल. फक्त तिला अंगप्रदर्शनाच्या चित्रात काढू नका, आणि तिला बोलायला लावू नका. तिच्या तोंडात सीमेवरून भांडणाची वाक्यं घातलेलं एक चित्र फिरलं होतं, एकदा मराठीत आणि एकदा कानडीत, दोन्ही मी काढून टाकायला सांगितली.

खरा पक्षी बघायचा असेल तर कुठं जाऊ?

आपल्याला सगळ्यात जवळ घटप्रभाच. बेळगावहून मिरजेकडं जाणाऱ्या गाडीनं घटप्रभा स्टेशनला उतरायचं, तिथून धूपदाळ जवळ आहे. नोव्हेंबर ते मार्च, सकाळी लवकर, दुर्बीण असेल तर न्या. पुण्याकडं कुणी असेल तर भिगवणला उजनीच्या पाण्यावर भरपूर दिसतात, आणि जवळच भादलवाडीच्या तलावात त्यांची घरटी असतात. आणि एकदा तरी मंड्या जिल्ह्यात मद्दूर तालुक्यातलं कोक्करेबेळ्ळूर बघा, तिथं चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन चक्क गावात, घरांच्या शेजारच्या झाडांवर घरटी करतात, गावाचं नावच कोक्करेवरून आहे, आणि गावातले लोक त्यांना त्रास देत नाहीत, माहेरवाशिणी आल्यासारखं मानतात.

घरट्यांच्या झाडाखाली जाऊन टाळ्या वाजवून पक्षी उडवू नका. फोटो चांगला येतो म्हणून लोक करतात हे. वर सावली धरून उभी असलेली आई उडाली की पिल्लं उन्हात उघडी पडतात, आणि ती फार लहान असतील तर तेवढ्यानंच जातात.

मोठी गोष्ट कधी येणार?

काढायलेय. चोवीस पानं ठरवलीत, नऊ झालीत. वडगावात एका घरी पावसाळ्यात एक न बोलणारी बाई कामाला येते आणि मागावर बसते, घरातल्या बारक्या पोराला सांगितलेलं असतं की ती विणताना आत जायचं नाही, आणि ते पोर दाराच्या फटीतून बघतंच. त्याला आत काय दिसतं ते पान मी चारदा काढून खोडलंय. मागाचे पाय, धोटा (आडवा दोरा घेऊन जातो तो), फण्या सगळं आप्पा तपासतात, त्यांनी पाचव्या पानावर अजून एक चूक काढलीय, धोटा उलट्या बाजूनं आलाय म्हणे. ते दुरुस्त झालं की दहावं.